टाकीच्या पोटात कोळसा

आमच्या इमारतीतल्या रहिवाशांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालेलं आहे, ते म्हणजे मागच्या टाकीत जो मैला जातो तो इतरांचा असतो. आपलंही तिथं काही जात असेल ही शक्यता कुणी तोंडातून काढत नाही. साखळी ओढली की विषय संपला. पण तो विषय संपत नाही. तो पाइपातून खाली उतरतो, मागच्या अंगणातल्या मोठ्या बंद टाकीत जाऊन कुजतो, आणि त्यातून निघणारा गॅस नळीनं तळमजल्यावरच्या सभागृहाला लागून असलेल्या शेगडीला येतो. ही टाकी माझ्या सासऱ्यांनी बांधून घेतली आहे. उभी नोकरी त्यांनी नगरपालिकेच्या मैलापाणी खात्यात इंजिनियर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, यांनी टाकी लावली.

सासरे आमच्याकडे राहतात. खरं तर आम्ही त्यांच्याकडे राहतो, पण हा मुद्दा घरात फक्त भांडणात निघतो. रोज सकाळी ते खाली जातात, टाकीचा दांडा फिरवून आतला माल ढवळतात आणि टाकीच्या पत्र्याला कान लावून उभे राहतात. आत बुडबुडे वाजतात म्हणे. मग वर येऊन "आज बरं आहे" किंवा "आज जरा मंद आहे" असं जाहीर करतात. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं आतल्या खोलीत कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे, आणि ते आवाज खाली आणून बोलू लागतात.

गेलं वर्षभर मात्र "मंद आहे" हेच ऐकू येत होतं. शेगडीची ज्योत इतकी अशक्त झाली होती की तिच्यावर फुंकर मारायचीही दया यावी. नेमकी याच सुमारास आमच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांनी दुसरी गाडी घेतली. पहिली गाडी फाटकापाशी मावत होती. दुसरीला जागा नव्हती, आणि अंगणात टाकी सोडून जागा नव्हती. अध्यक्षांच्या मनात पर्यावरण, आरोग्य आणि डासांचा प्रश्न एकाच आठवड्यात जागा झाला तो असा.

सभेत त्यांनी ठराव मांडला की टाकी पाडावी. सासरे उभे राहिले. "टाकी चालू आहे," ते म्हणाले. "चालू म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं. "वार्षिक सभेला सगळ्यांचा चहा हिच्या गॅसवर उकळून दाखवा. उकळला तर टाकी राहील. नाही उकळला तर तिथं गाड्या लागतील." "मंजूर," सासरे म्हणाले. टाकीच्या बाबतीत कुणी आव्हान दिलं की सासरे आधी मंजूर म्हणतात आणि मग घरी येऊन जेवण अर्धं टाकून उठतात. त्या दिवशीही तसेच उठले.

बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. आमच्याकडे गंभीर गोष्टी भांड्यांच्या आवाजात बोलल्या जातात.

"बाबांच्या डोळ्यांदेखत ती टाकी फोडली ना, तर ते पुन्हा जिना उतरायचे नाहीत. खोलीत पडून राहतील. मी ओळखते त्यांना. तुम्ही काहीतरी करा."

"मी काय करणार? मी विमा कंपनीत आहे."

"तेच म्हणते. तिथंही काही करत नाही, इथं तरी करा."

इथं माझ्या नोकरीबद्दल एक खुलासा करणं भाग आहे. मी लोकांचे दावे नाकारण्याच्या विभागात आहे. हे वाटतं तितकं सोपं काम नाही. माणसाचं घर जळालेलं असतं आणि त्याला सभ्य भाषेत पटवून द्यायचं असतं की ते आमच्या व्याख्येप्रमाणे जळालेलं नाही. तर ते असो.

मी काहीतरी करायचं ठरवलं, म्हणजे वाचायला बसलो. सासऱ्यांच्या खोलीत त्यांच्या खात्याच्या जुन्या मासिकांचा ढीग होता, त्यातल्या एका अंकात मला हवं ते मिळालं. टाकीतल्या मैल्यात थोडी कोळशाची भुकटी घातली तर गॅस वाढतो. कारण असं की गॅस तयार करणारे जंतू उगाच पाण्यात भटकत राहिले तर त्यांचं कामात लक्ष लागत नाही. कोळशाला बारीक बारीक भोकं असतात. त्यात ते ठाण मांडून बसतात, शेजारच्याशी देवाणघेवाण करतात आणि जोमानं कामाला लागतात. थोडक्यात कोळसा टाकणं म्हणजे जंतूंना राहायला इमारत बांधून देणं. मला हे एकदम पटलं. डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं की कुणीही कामाला लागतो. बायकोनं यावर मान वर करून तिच्या बाबांच्या छपराकडे पाहिलं.

सासऱ्यांना मात्र पटलं नाही. "जावईबापू, माझ्या टाकीला टॉनिक लागत नाही," ते म्हणाले. मी मासिक पुढे केलं. त्यांनी लेखकाचं नाव पाहिलं आणि मासिक मिटलं. तो लेखक त्यांच्या हाताखाली होता आणि त्याला साधं झाकण नीट लावता येत नव्हतं म्हणे. विज्ञानाचं आमच्या घरात असं आहे. सिद्धान्त बरोबर की चूक हे लेखकाच्या झाकणावरून ठरतं.

तेव्हा मी गुपचूप करायचं ठरवलं. साध्या लाकडी कोळशाचं पोतं आणलं, धुतलं, वाळवलं आणि न्हाणीघरात बसून हातोडीनं कुटलं. कोळसा कुटणाऱ्या माणसाच्या अंगावर कोळसा किती बसतो हे त्या मासिकात दिलेलं नव्हतं. कार्यालयात मी रुमालानं नाक पुसलं आणि समोर बसलेला दावेदार घाबरून उठला. त्याचं गोदाम जळालं होतं, पण दिसत मी होतो. बायकोच्या वाळत घातलेल्या चादरींवर माझे पंजे उमटले. तरी मी नेट सोडला नाही. सकाळी सासरे वर्तमानपत्रातली निधनवार्ता वाचत असत, ती वाचताना त्यांना जगाचं भान नसतं. तेवढ्यात मी खाली जाऊन मूठभर भुकटी टाकीत सोडून येत असे.

आणि काय सांगू, लागू पडलं! सासरे एके सकाळी पत्र्याला कान लावून आले आणि म्हणाले, "आज बरं आहे." पुढे "आज फार बरं आहे" झालं. शेगडीची ज्योत कंबर सरळ करून उभी राहिली. सासरे जिना गुणगुणत चढू लागले. "टाकीला फक्त धीर द्यावा लागतो," ते मला समजावून सांगत, "तुमचे ते कोळसे-बिळसे नाही." मी मान डोलवत असे. माणसानं उपकार करावेत आणि वर व्याख्यानही ऐकावं, यापरता त्याग नाही. याच खुशीत ते चार दिवस थोरल्या मुलीकडे राहायला गेले आणि जाताना टाकी माझ्यावर सोपवून गेले.

तिथंच घात झाला. त्याग एकट्यानं फार काळ करवत नाही. मी बायकोला सगळं सांगितलं. बायकोनं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, कुणाला सांगू नका असं बजावून. ही बातमी पसरवण्याची आमच्या इमारतीतली अधिकृत पद्धत आहे. संध्याकाळपर्यंत मला जिन्यात थांबवून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं दगडी कोळसा घाला, त्यात दम असतो. कुणी म्हणालं राख घाला, ती फुकट असते. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, कोळसा हा मुळात दातांचा विषय आहे आणि मी आधी त्यांना विचारायला हवं होतं.

अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. त्यांचा चेहरा उतरलेला होता, कारण त्यांनाही ज्योत दिसली होती. "एका खासगी व्यक्तीनं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सार्वजनिक टाकीत खासगी कोळसा टाकलेला आहे. उद्या टाकी माझीच असं ते म्हणतील." मी म्हणालो, मला टाकी नको. "आज नको आहे," अध्यक्ष म्हणाले. मग काकू उठल्या. काकूंना न्यायाची फार चाड आहे, विशेषतः दुसऱ्याला काही मिळत असेल तेव्हा. त्या म्हणाल्या, कोळशाचं श्रेय एकाच घरानं का घ्यावं? प्रत्येक घरानं आपापला कोळसा आणावा, सगळ्यांचा सारखा वाटा. टाळ्या झाल्या. सार्वजनिक टाकीत सार्वजनिक कोळसा, असा ठराव झाला. मी विरोध करायला हवा होता. पण टाळ्यांत दोन-तीन माझ्या नावाच्याही होत्या, आणि आमच्या विभागात टाळ्या वाजत नाहीत हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं टाकीभोवती जमली. माझ्या डोळ्यांपुढे पोती होती. प्रत्यक्षात प्रत्येकानं घरातच शोधाशोध केली होती, कारण मध्यमवर्गीय माणूस घरात काहीतरी पडलेलं असताना बाजारात जात नाही. काकूंनी त्यांच्या मासोळ्यांच्या काचपेटीतल्या गाळणीचा कोळसा आणला होता, त्यात एक शिंपलाही होता. चित्रकलेचे मास्तर रेखाटनाच्या काड्या घेऊन आले आणि त्यातली एक पुन्हा खिशात घातली. कुणी पोटदुखीच्या काळ्या गोळ्या आणल्या, कुणाच्या लेकीचा तोंडाला फासायचा काळा लेप होता. एका गृहस्थानं करपलेला पाव आणला आणि हा कोळसा कसा नाही ते सिद्ध करा म्हणाला. मला ते सिद्ध करता आलं नाही.

आणि दंतवैद्यांनी खोकी आणली. कोळशाचं दंतमंजन. कुठल्याशा कंपनीनं नमुने म्हणून पाठवलेलं, मुदत उलटून गेलेलं, दवाखान्यात जागा अडवून बसलेलं. "शुद्ध कोळसा," ते डब्यावरची अक्षरं दाखवत म्हणाले. डब्यावर कोळसा मोठ्या अक्षरात होता. बाकीचं बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षरांवर माझा संसार चालतो, महाराज! ती वाचून मी भल्याभल्यांचे दावे फेटाळले आहेत. पण ते कार्यालयात. त्या दिवशी सुट्टी होती.

सगळ्यांनी आपापल्या हातानं वाटा टाकला. मी दांडा फिरवला. फोटो काढला, त्यात मी मध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी मला पुदिन्याच्या वासानं जाग आली. सगळी इमारत पुदिन्यानं दरवळत होती. आमच्या मैल्याला इतका सुगंध कधी आला नव्हता. मी खिडकीतून खाली पाहिलं तर टाकीच्या झाकणाखालून करड्या रंगाचा फेस बाहेर पडत होता, आणि तो सावकाश, घाई न करता, जागेअभावी वाटेत आडव्या लावलेल्या अध्यक्षांच्या नव्या गाडीकडे निघाला होता. मी बादली घेऊन धावलो. पाणी ओतलं तसा फेस वाढला. दंतमंजनाला पाणी लागलं की फेस येतो हे मी लहानपणापासून रोज पाहत आलो आहे, पण प्रसंगी आठवेल तर ते ज्ञान कसलं. फेस गाडीच्या चाकांपर्यंत पोहोचला, चढला आणि तिथं वाळला. अध्यक्ष खाली आले तेव्हा मी चाकं पुसत होतो. ते म्हणाले, "हे करायला टाकी हवी होती का तुम्हाला?" मी पुढच्या चाकाकडे वळलो. हातात त्यांच्याच गाडीचं फडकं होतं.

शेगडी पेटवून पाहिली. फुस्स झालं आणि काडी विझली. पत्र्याला मी पहिल्यांदाच कान लावला. आत काही नव्हतं, काही म्हणजे काहीच नव्हतं.

दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "साहजिक आहे. त्यात जंतुनाशक असतं. जंतू मरावेत म्हणून तर लोक ते विकत घेतात."

"अहो, पण आमची टाकी जंतूंवर चालते!"

"ते तुम्ही सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण एक आहे, मंजनाचा गुण कळला. मुदत उलटूनसुद्धा!"

सासरे त्याच दिवशी परत आले. पिशवी दारात ठेवून आधी खाली गेले. बराच वेळ पत्र्याला कान लावून उभे होते, या बाजूनं, मग त्या बाजूनं. वर आले तेव्हा "बरं आहे" नाही आणि "मंद आहे" नाही. खुर्चीत बसून म्हणाले, "गेली." एवढंच. बायको माझ्याकडे बघत राहिली. मला इतकं वाईट वाटलं की मी पुदिन्यापासून सुरुवात करून मूठभर कोळशापर्यंत सगळं उलट क्रमानं सांगून टाकलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं.

बोलणं बंद करणं म्हणजे ते मुके झाले असं नव्हे. ते बायकोमार्फत बोलू लागले. मी समोर बसलेलो असे आणि ते म्हणत, "त्यांना सांग, मीठ इकडे सरकवा." बायको म्हणे, "अहो, मीठ सरकवा." मी म्हणे, "हे घ्या." ते बायकोला म्हणत, "मिळालं म्हणावं." आवाज चढवला असता तर मी सहन केलं असतं. ते फार आदरानं बोलत, आणि सकाळी खाली जात नसत. बायकोला ज्याची भीती होती ते टाकी न फोडताच मी करून दाखवलं होतं.

तिसऱ्या जेवणाला सासरे बायकोला म्हणाले, "त्यांना सांग, मंजनाचं पाणी उपसून टाकायला हवं. मग जिवंत गाळ लागेल, चालू टाकीतला. विरजणासारखा. आमच्या केंद्रावर मिळतो. आणि सांग, नेताना झाकण घट्ट लावू नका."

नगरपालिकेच्या मैलाशुद्धी केंद्रावर मी दंतवैद्यांच्या गाडीतून गेलो. दवाखान्याच्या रंगाला शोभतील अशा पांढऱ्या गाद्यांची ती गाडी त्यांनी शरमेपोटी दिली होती, आणि काळजीपोटी सोबतही आले होते. खिडकीत कारकून बसला होता.

"मैला उपसायचाय? पलीकडची खिडकी."

"नाही, न्यायचाय."

"कुठून?"

"तुमच्याकडून. माझ्या घरी."

कारकुनानं चष्मा काढला. "घेऊन जा म्हणणारे रोज येतात. द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच. आणि एकदा आमच्या हद्दीत आला की मैला खात्याचा. परत करता येत नाही."

"मला माझाच परत नको आहे. कुणाचाही चालेल."

"कारण काय लिहू?"

मला कारण सांगायची सवय नाही, मी ती मागणारा माणूस आहे. तोंडातून निघून गेलं, "टाकीनं दात घासले."

त्यानं मला जे ऐकवलं ते शब्द न् शब्द माझ्या ओळखीचं होतं. नियमात तशी तरतूद नाही. आपली अडचण आम्ही समजू शकतो. वरिष्ठ रजेवर आहेत. हेच मी रोज लोकांना ऐकवतो आणि ते इतका वेळ का बसून राहतात याचं मला नवल वाटत असे. आता मी बसून राहिलो. शेवटी मी सासऱ्यांचं नाव घेतलं.

कारकून ताठ झाला. "कोण? झाकणवाले साहेब? आहेत अजून?" मग त्यानं आवाज खाली आणला. "एकदा एक झाकण उघडं राहिलं म्हणून सगळ्यांसमोर मला असं झापलं होतं की मी घरी जाऊन डब्यांचीसुद्धा झाकणं तपासली. त्यांची टाकी आहे होय? मग आधी नाही का सांगायचं? हे बघा, मैला देता येत नाही. पण परीक्षणासाठी नमुना नेता येतो. आणि नमुना केवढा, हे कुठं लिहिलेलं नाही. किती पिंपं आणलीत?"

परतताना पिंपं मागच्या गादीवर होती. झाकणं मी घट्ट लावली. सासऱ्यांनी सांगितलं होतं ते मला आठवत होतं, पण निरोपानं आलेला सल्ला पाळायचा नाही एवढा स्वाभिमान माझ्यातही शिल्लक होता. जिवंत गाळ मात्र खरोखर जिवंत होता. तो आत गॅस सोडत राहिला. चौकात गाडी थांबली, मागं काहीतरी सुस्कारलं, आणि पहिलं झाकण उडालं. दुसऱ्याची वाट न बघता दंतवैद्य गाडी चालू ठेवून खाली उतरले. त्या गाद्यांचं पुढं काय झालं हे मला सांगवत नाही. दंतवैद्य अजूनही मला पाहिलं की तोंड उघडत नाहीत, आणि दंतवैद्याच्या बाबतीत हे फार झालं. पण दोन पिंपं सुखरूप पोहोचली.

टाकी उपसली, धुतली, पुन्हा भरली आणि गाळ घातला. सासरे खिडकीतून बघत होते. मी दांडा फिरवत होतो, तेव्हा बायको खाली निरोप घेऊन आली. "बाबा म्हणतात, उलटं फिरवताय." मी सुलटं फिरवलं. काही दिवसांनी निरोपाऐवजी सासरे स्वतःच बायकोला घेऊन खाली आले. हातात माझं उरलेलं पोतं होतं, साध्या कोळशाचं. मान वर न करता बायकोला म्हणाले, "त्यांना सांग, मूठभर घाला. धुतलेला. धक्का बसलाय बिचाऱ्यांना, बसायला जागा हवी." मी मूठभर घातला. त्यांच्या घराण्यात माफी याच भाषेत मागतात आणि याच भाषेत देतात, असं नंतर बायको म्हणाली.

वार्षिक सभा आली. शेगडीवर मोठं पातेलं चढलं. अध्यक्ष खुर्ची ओढून अगदी समोर बसले, कुणी दुसरा गॅस जोडतंय का ते बघायला. सासऱ्यांनी कॉक फिरवला, मी काडी लावली, आणि भपकन निळी ज्योत उठली. पातेलं गुरगुरलं. चहा वर आला, इतका की बायकोनं धावत येऊन ढवळला. कुणीतरी टाळी वाजवली. सासऱ्यांनी कप भरले, तबक उचललं आणि पहिल्या रांगेपुढे धरलं.

कुणी कप उचलेना.

एकाला पित्ताचा त्रास आठवला. एकानं चहा सोडला होता, त्याच क्षणी. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, आत्ताच घेतला. काकूंनी कपात नुसतं डोकावून पाहिलं. प्रत्येकाचं डोकं जाणत होतं की चहाला लागली आहे ती फक्त आच, आणि प्रत्येकाचं पोट नळीच्या मागं मागं टाकीपर्यंत जाऊन येत होतं. सासरे तबक घेऊन पुढे सरकत होते. जन्मभर त्यांनी सगळ्या गावाची घाण निस्तरली, आणि बायको सांगते, लोक त्यांच्याशी हात मिळवताना आधी त्या हाताकडे बघत. आताही त्यांनी हसून म्हटलं, "घ्या हो, संकोच कसला? घरचंच आहे."

त्यासरशी पुढं येऊ घातलेले दोन हातही मागं गेले.

अध्यक्ष उठले. "सभेला चहा द्यायचा ठरला होता. न पिता राहिलेल्या चहाला चहा म्हणता येणार नाही." युक्तिवाद बिनतोड होता, मीही हाच केला असता. सासरे भरलेलं तबक घेऊन परत शेगडीकडे वळले. मलाही त्या कपांत टाकीच दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं ते वळणं मला बघवेना. मी जाऊन कप उचलला आणि एका दमात प्यायलो. जीभ भाजली.

"जावई धरता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पहिला कप सासऱ्यांच्या धाकानं कुणीही पितो."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोकडे नाही, माझ्याकडे. कितीतरी दिवसांनी.

"जावईबापू," ते म्हणाले, "आणखी घ्याल?"

मला त्या चहात आता काहीच दिसत नव्हतं. मी कप पुढे केला. "भरून द्या," मी म्हणालो, "आणि साखर बघा जरा. कमी पडलीय."

"साखर कमी?" काकू उठल्या. साखर त्यांनी घातली होती. "मापात घातलीय मी. बघू." त्यांनी कप उचलून घोट घेतला, विचार केला, आणखी एक घेतला. "साखर बरोबर आहे. दूध पातळ आहे." दूध मास्तरांनी आणलं होतं. मास्तरांनी तपासायला कप घेतला आणि पत्ती जास्त झाल्याचा निर्वाळा दिला. मग काय विचारता! दुसऱ्याच्या चहाला नावं ठेवायला मिळताहेत म्हटल्यावर सभा तुटून पडली. कुणी दूध कच्चं म्हणालं, कुणी पाणी जड म्हणालं, पित्तवाल्यानं दोन कप घेऊन आपलं मत राखून ठेवलं. शेवटी अध्यक्षांनाही राहवलं नाही. त्यांनी घोटभर घेतला आणि उकळी कमी पडली असं नोंदवलं. "म्हणजे उकळी आली होती," बायको तिथल्या तिथं म्हणाली. टाकी राहिली.

गर्दी पांगली तेव्हा सासरे पातेल्यापाशी उभे होते. त्यांनी ते वाकडं करून पाहिलं, मग उलटं केलं. तळाशी नुसती पत्ती होती.

"सगळा संपवलात?" ते ओरडले. "अहो, माझ्यासाठी घोटभरही ठेवला नाहीत?" आयुष्यात त्यांना इतक्या आनंदानं तक्रार करताना मी पाहिलेलं नाही. बायको डोळे पुसत हसत होती. मी पातेलं विसळलं, नवं पाणी भरलं आणि शेगडीवर ठेवलं.